गुडघेरोपणानंतर सहाव्या आठवड्यात मन खचलंय, व्यायामही थांबलाय. काय करावं?

सोनटक्का
आईच्या (वय ६७) उजव्या गुडघ्याचं संपूर्ण रोपण झालं, आता सहावा आठवडा सुरू आहे. टाके निघाले, जखम कोरडी आहे, एक्स-रेमध्ये सांधा जागेवर आहे. गुडघा ८५ अंश वाकतो, सरळ करताना ८ अंश कमी पडतात. घरात वॉकर घेऊन चालते. सर्जनच्या मते ऑपरेशन उत्तम झालंय.

घोडं अडलंय ते मनापाशी. पहिले तीन आठवडे नेटाने व्यायाम केले, चौथ्यापासून उतरण लागली. रात्री तीन-चार तासांच्या वर झोप नाही. 'होतं तेच बरं होतं, उगाच कापून घेतलं' हे सतत तोंडी. नातेवाइकांचे फोन घेत नाही, फिजिओ आले की डोळ्यांत पाणी येतं. गुडघ्यातून टक् टक् आवाज येतो, जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिर लागतं, गुडघा हाताला गरम लागतो. त्यामुळे आत काहीतरी बिघडलंय याबद्दल तिची खात्री आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिन्याचं नाव काढलं की तिचे हातपाय गळतात.

गोळ्या: ट्रामाडोल-पॅरासिटामॉलची जोडगोळी दिवसातून तीनदा, रात्री नसांच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन ७५, रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन असलेली जुनी गोळी. मधुमेह नाही.

हे सगळं अपेक्षित असतं का? व्यायामासाठी मागे लागावं की काही दिवस सोडून द्यावं? आणि मनाच्या डॉक्टरांकडे नेण्याची वेळ नेमकी कधी समजायची?


चालती_पावलं
सोनटक्का, मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांधेरोपणाचे रुग्ण हेच रोजचं काम. मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण वेळ त्यालाच बांधलेली आहे: सोडून देऊ नका, पण मागेही लागू नका. व्यायामाचा डोस बदला.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्यातली ही घसरण फार जणांना येते आणि तिची कारणं शरीरातच आहेत. इस्पितळातला नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन), सलाइनमधून मिळणारी वेदनाशामकं, रोज भेटणारे डॉक्टर, हे सगळं एकदम संपतं. त्याच वेळी व्यायाम मात्र वाढवायचे असतात. शिवाय मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद ऑपरेशननंतर महिन्याभराने आधीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी भरते, असं मोजमापांत दिसलेलं आहे. यात आळसाचा काही भाग नाही. सांध्यात सूज असली की मज्जारज्जूच्या पातळीवर त्या स्नायूला 'काम करू नकोस' असा आदेश जातो. आई मनापासून पाय उचलू बघतात आणि पाय उचलला जात नाही. मग त्यांना वाटतं, आपल्यातच दम उरला नाही. हे त्यांना याच शब्दांत समजावून सांगा. 'हिंमत धरा' यापेक्षा 'सुजेमुळे स्नायू झोपलाय, सूज उतरवली की जागा होईल' हे वाक्य जास्त कामाचं आहे, कारण त्यात करण्यासारखं काहीतरी आहे.

आता त्यांच्या तीन भीती. टक् टक् आवाज हा धातू आणि प्लास्टिक एकमेकांना टेकल्याचा असतो. दुखत नसेल तर त्याला अर्थ नाही. बाहेरच्या बाजूचा बधिरपणा येतो कारण समोरचा छेद घेताना त्वचेच्या एका बारीक नसेच्या फांद्या कापल्या जातातच. तो भाग हळूहळू लहान होतो, काही जणांत थोडा कायम राहतो, पण चालण्याशी त्याचा संबंध नाही. ऊब सहा महिने, क्वचित त्याहून जास्तही टिकते. प्रत्येक खुलासा सर्जनच्या तोंडून, आईंच्या समोर, गुडघ्याला हात लावून होऊ द्या. घरच्यांनी सांगितलेलं 'मला बरं वाटावं म्हणून बोलताहेत' या खात्यात जातं.

व्यायामाचा डोस असा बसवा. सध्या बहुधा दिवसातून दोनदा तासभर झटापट चालत असेल. त्याऐवजी पाच वेळा, प्रत्येकी १० ते १२ मिनिटं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी गुडघा सरळ करणं: टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघ्याखाली काहीही नाही, ५ मिनिटं, आणि त्यातच मांडी आवळून ५ सेकंद धरणं, १० वेळा. मग टाच गादीवर सरकवत गुडघा वाकवणं १० वेळा, शेवटच्या तीन वेळी जिथे ताण जाणवतो तिथे १० सेकंद थांबायचं. दिवसातल्या दोन फेऱ्यांत खुर्चीतून उठणं-बसणं ५ वेळा जोडा. बैठक १८ ते २० इंच उंच हवी, खाली सरकणारी प्लास्टिकची खुर्ची नको. पाय सरळ उचलणं सध्या दोनदाच.

सरळ करण्यावर इतका भर का? ८ अंश कमी पडत असतील तर उभं राहतानाही मांडीचा स्नायू एक क्षणही सैल पडत नाही. मग पाय लवकर थकतो, लंगडणं येतं, कंबर धरते, आणि 'मला जमतच नाही' हे पक्कं होत जातं. रात्री आराम वाटावा म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवत असाल तर आजच काढा. बरं वाटतं खरं, पण गुडघा त्याच कोनात आखडतो. उशी पोटरीपासून टाचेपर्यंत, पाय छातीपेक्षा वर राहील अशी.

वेदनेचा नियम: ० ते १० मध्ये व्यायाम करताना ५ पर्यंत चालेल, तासाभरात ती मूळ जागी उतरली पाहिजे. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. शिवणकामाची टेप वाटीच्या मधोमध घेराने लावा, रोज उठल्यावर, पाय सरळ ठेवून. घेर आदल्या दिवसापेक्षा १ सेंटीमीटरच्या आसपास वाढला असेल तर त्या दिवशी फेऱ्या तितक्याच ठेवून आवर्तनं एक चतुर्थांशाने कमी करा. पूर्ण बंद करू नका. इथेच बहुतेक घरांत चूक होते: चांगल्या दिवशी उत्साहात दुप्पट, मग सूज, मग दोन दिवस अंथरुण. असं आठ-दहा दिवस चाललं की मेंदू शिकतो, हालचाल म्हणजे शिक्षा.

चालणंही दुखण्यावर नव्हे, घड्याळावर. ६ मिनिटं चार वेळा. दुखत नसलं तरी ६ झाली की बसायचं. सकाळचा घेर स्थिर राहिला तर दर तिसऱ्या दिवशी एक मिनिट वाढवा. प्रत्येक फेरीनंतर बर्फाचा शेक १५ ते २० मिनिटं, मध्ये सुती कापड, आणि बधिर भागावर बर्फ थेट लागू देऊ नका. तिथे कातडी भाजली तरी कळत नाही.


वेदनाविराम
भूल आणि वेदनाचिकित्सा हे माझं क्षेत्र. तुमच्या औषधांच्या यादीवरच मी थांबलो. मन खचलंय असं म्हणण्याआधी चार गोष्टी रक्तात बघून घ्या: हिमोग्लोबिन, सोडियम, टी.एस.एच. (थायरॉइडसाठी) आणि बी-१२ जीवनसत्त्व. जमल्यास क्रिएटिनिनही (मूत्रपिंडासाठी).

सोडियम सगळ्यात आधी. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे सोडियम घालवतं, आणि मोठ्या ऑपरेशननंतर वयस्क माणसात ते आणखी घसरायला निमित्त पुरतं. सामान्य पातळी १३५ ते १४५. ती १३० च्या खाली गेली की मरगळ, जेवणावरची वासना उडणं, चिडचिड, तोल जाणं, विसरभोळेपणा सुरू होतो आणि घरच्यांना ते नैराश्यच वाटतं. ही गोळी परस्पर बंद करू नका, तुमच्या फिजिशियनना आकडा दाखवा. पुढे कुणी नैराश्याची गोळी सुरू केली तर तीही सोडियम आणखी खाली नेऊ शकते, म्हणून आत्ताचा आकडा हाताशी असणं गरजेचं. हिमोग्लोबिन ऑपरेशननंतर उतरतंच. ते १० च्या खाली रेंगाळलं असेल तर दोन पावलांत दम लागतो आणि व्यायाम नको वाटतो. त्यावर लोहाची गोळी हा उपाय आहे, उपदेश नाही.

आता ट्रामाडोल. जोडगोळीत साधारणपणे ट्रामाडोल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. सहा आठवडे दिवसातून तीनदा घेतल्यावर शरीर त्याला सरावतं. मग एखादा डोस चुकला की घाम, अस्वस्थता, छातीत धडधड, रडू येणं, पायांत वळवळ. ट्रामाडोल मेंदूतल्या सेरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित रसायनावरही काम करतं, त्यामुळे ते एकदम थांबवल्यावर मनःस्थिती कोसळते. म्हणून सर्जनना विचारून पायरीपायरीने उतरवा: आधी दुपारची गोळी काढून तिथे नुसतं पॅरासिटामॉल ६५०, चार-पाच दिवसांनी सकाळची, शेवटी रात्रीची. पॅरासिटामॉल सगळीकडून मिळून दिवसाला ३ ग्रॅमच्या आत ठेवा. जोडगोळीतलं धरायला लोक विसरतात.

एक इशारा ठळक लिहा. ट्रामाडोल चालू असताना एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या गोळ्यांतलं काहीही परस्पर सुरू करू नका. हातपाय थरथरणं, ताप, घाम, गोंधळ अशी सेरोटोनिन वाढल्याची गंभीर लक्षणं येऊ शकतात. मनोविकारतज्ज्ञांकडे जाल तेव्हा सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, नुसती नावं सांगू नका.

प्रीगॅबालिनने काहींना झोप लागते, पण वयस्कांत सकाळी गुंगी आणि तोल जाणं हे त्याचंच काम असू शकतं. रात्री बाथरूमला जाताना आई भेलकांडत असतील तर जिन्याच्या भीतीचं मूळ तिथे आहे का ते बघा. तेही हळूहळूच कमी करायचं असतं.

झोपेबद्दल: सहाव्या आठवड्याच्या आसपास झोप सगळ्यात वाईट असणं नेहमीचं आहे, तीन ते सहा महिन्यांत ती बहुतेकांची सुधारते. तोपर्यंत वेदनाशामकाची वेळ जुळवा. दिवसाचं पॅरासिटामॉल व्यायामाआधी ४५ मिनिटं, रात्रीचं झोपण्याआधी अर्धा तास. शेवटचा व्यायाम झोपेच्या तीन तास आधी संपवा, बर्फ मात्र झोपण्याआधी. कुशीवर झोपायला हरकत नाही, पायांमध्ये जाड उशी घेऊन. दुपारी ३ नंतर डुलकी नको आणि सकाळी उठण्याची वेळ पक्की, रात्र कशीही गेली तरी. रात्री जागंच राहिल्या तर २० मिनिटांनी उठवून खुर्चीत बसवा. अंथरुणात घड्याळ बघत पडणं सगळ्यात घातक. बद्धकोष्ठ आहे का तेही विचारा. ट्रामाडोलने होतंच आणि आई-वडील मुलांना सांगत नाहीत. पोट जड असलं की जेवण जात नाही, जेवण नाही तर स्नायू भरत नाही. इसबगोल आणि पुरेसं पाणी. पण सोडियम कमी निघालं तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं.


मनोवेध
चिकित्सालयीन मानसशास्त्र. वरच्या दोघांशी पूर्ण सहमत, आणि रक्ततपासणी आधी यावर माझाही जोर आहे.

तज्ज्ञांकडे कधी न्यायचं, याला एक मोजमाप आहे. पी.एच.क्यू.-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. एरवी १० किंवा त्याहून जास्त आले की तपासणी करावी. पण ऑपरेशननंतर ती जशीच्या तशी वापरू नये. झोप, थकवा, भूक, हालचाल मंदावणं यांचे प्रश्न शस्त्रक्रियेमुळेच भरतात आणि बेरीज फुगते. म्हणून पहिले दोन प्रश्न वेगळे बघा: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, आणि मन उदास किंवा निराश राहिलं का. या दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त असेल तर याच आठवड्यात भेट ठरवा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. आईंना हे विचारल्याने विचार मनात भरतो, ही समजूत खरी नाही.

दुसरी गोष्ट वेदनेविषयीच्या विचारांची. तीन तऱ्हा असतात: वेदनेचाच विचार घोळत राहणं, तिला भयंकर रूप देणं ('आतलं निखळलंय'), आणि आपल्या हातात काही नाही असं वाटणं. तुम्ही लिहिलेल्या तीन-चार वाक्यांत तिन्ही आहेत. यासाठी १३ प्रश्नांची मोजपट्टी आहे, एकूण गुण ५२, साधारण ३० च्या वर गेले की चिंतेचं मानतात. ऑपरेशनआधी हे गुण जास्त असलेल्यांना नंतर दुखणं जास्त राहतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं.

मात्र यावरून 'सकारात्मक विचार करा, दुखणं जाईल' असा निष्कर्ष काढणारे सल्ले मला पटत नाहीत, आणि पुरावाही त्यांच्या बाजूने नाही. अमेरिकेत ४०२ रुग्णांवर झालेला एक नीट आखलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. असे विचार जास्त असलेल्या रुग्णांना गुडघेरोपणाच्या आगेमागे वेदनेशी सामना करण्याची कौशल्यं शिकवली. वर्षाअखेरीस त्यांच्यात आणि नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांच्यात वेदनेचा फरक दिसला नाही. लक्षात घेण्यासारखं हे की सगळ्याच गटांत वेदनाही उतरली आणि ते विचारही उतरले. म्हणजे आईंचं मन आधी 'दुरुस्त' करून मग गुडघ्याकडे वळू, ही वाट चुकीची. गुडघा थोडा पुढे सरकला, ते डोळ्यांना दिसलं, की मन त्याच्या मागोमाग येतं. उभारी ही स्वभावात असते किंवा नसते असं नाही. रोज हाताला लागणाऱ्या छोट्या पुराव्यांवर ती उभी राहते. तुमचं काम हे पुरावे दिसतील अशी सोय करण्याचं आहे.

भिंतीवर एक कागद लावा. त्यावर वेदनेचा आकडा लिहू नका, कामाचा लिहा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, सकाळी दहाच्या सुमारास दोन चाचण्या: खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला लागलेले सेकंद, आणि ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठबस झाली. साधन तेच, म्हणजे वॉकर तर वॉकर. वेदना दिवसाला दहा वेळा बदलते, तिच्या आकड्यात प्रगती कधी दिसत नाही. सेकंदांत दिसते.

घरच्यांचं वागणं याबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. 'तू बस, मी आणते' हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकलं की माणूस स्वतःला आजारी समजायला शिकतो. दुखतंय म्हटलं की सगळे जवळ येतात, चाललं की कुणी बघत नाही, अशी घराची घडी बसली असेल तर ती उलटी करा. दुखण्याची दखल घ्या, एकदाच, शांतपणे: 'हो, आत्ता दुखतंय. गोळीला अर्धा तास झाला, अजून दहा मिनिटांत उतरेल.' मग विषय बदला. आणि चालल्यावर, उठल्यावर नेमकं बोला: 'आज ओट्यापर्यंत न थांबता आलीस.' 'शाब्बास' इतकं मोघम नको.

त्यांची कामं त्यांना परत द्या. ओट्याशी उंच स्टूल, त्यावर टेकून भाजी निवडणं दहा मिनिटं, देवाला फुलं वाहणं उभ्याने, तुळशीला पाणी, औषधांच्या डब्या स्वतः भरणं. ही कामं व्यायामाच्या फेऱ्यांना जोडा, म्हणजे फेरी संपली की काम. फोन नको असतील तर एकच व्यक्ती निवडा, वेळ ठरवा, दहा मिनिटं. भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगा, 'अमक्या बाई महिन्यात जिना चढल्या' ही तुलना इथे करायची नाही. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता, मांडीत ताकद किती होती, यावर नंतरचा वेग बराच ठरतो. दोन बायकांची तुलना म्हणूनच निरर्थक आहे.

आणखी एक दुःख असतं, ते बहुधा कुणी विचारत नाही. मांडी घालून बसणं. बहुतेक साध्या रोपणांत गुडघा ११० ते १२५ अंशांपर्यंत जातो, मांडीसाठी त्याहून बराच जास्त लागतो, आणि अनेक सर्जन ते टाळायलाच सांगतात. पूजा, पंगत, हळदीकुंकू, नातवंडांशी जमिनीवर खेळणं हे सगळं त्या एका बसण्यात असतं. 'दुखणं गेलं ना, मग काय' असं म्हणून ते झटकू नका. ते गेलंय हे मान्य करा, त्याबद्दल त्यांना बोलू द्या, आणि मग जागा नव्याने लावा: देव्हारा कंबरेच्या उंचीवर, पाटाऐवजी चौरंग टेबलावर, कार्यात खुर्ची कोपऱ्यात नव्हे तर बाकीच्यांच्या रांगेत.


सोनटक्का
फार मोलाचं लिहिलंत तिघांनी. उद्या सकाळी रक्त द्यायचं ठरवलं. गुडघ्याखाली उशी खरंच होती, ती काढली. दोन शंका. जिना कसा सुरू करायचा? आणि ८५ अंशांवर किती दिवस थांबणं सुरक्षित आहे? मनाला वेळ देता देता गुडघा कायमचा आखडेल ही माझी धास्ती. डाव्या गुडघ्याचंही ऑपरेशन सर्जननी सुचवलेलं आहे, आई ते ऐकूनच हादरली आहे.


हाडवैद्य_०७
मी अस्थिशल्यविशारद. तुमची धास्ती योग्य आहे, त्यामुळे तारखेनिशी बोलतो. सपाट जमिनीवर चालायला गुडघा ६५-७० अंश वाकावा लागतो, जिना चढायला ८५ च्या आसपास, उतरायला ९० ते १००, खुर्चीतून हात न टेकता उठायला साधारण तितकाच किंवा थोडा जास्त. म्हणजे आज त्या जिन्याच्या उंबरठ्यावर आहेत.

सहा ते बारा आठवडे ही खिडकी. या काळात वाकणं ९० च्या खाली अडकलं आणि चांगल्या फिजिओथेरपीनेही हलत नसेल, तर भूल देऊन गुडघा हलक्या हाताने वाकवतात. आतली तंतूंची चिकटण तेव्हा सुटते. बारा आठवड्यांनंतर ती घट्ट होते, उपाय कमी लागू पडतो आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून पुढचे दोन आठवडे वरचा डोस नीट पाळा, दर चार दिवसांनी फिजिओंकडून कोनमापकाने मोजून घ्या, आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी ९५ पार नसेल तर सर्जनकडे जा. 'बघू पुढच्या महिन्यात' असं करू नका. आईंना हे शिक्षा म्हणून सांगू नका. दार उघडं आहे, इतकंच.

सहा आठवड्यांत वाढत गेलेलं दुखणं मनाचं म्हणण्याआधी आम्ही जंतुसंसर्ग नाही ना हे बघतो. जखमेतून पुन्हा पाणी, ताप, रात्रीही न थांबणारा वाढता ठणका, वाढती लाली यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दाखवा आणि घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नका, त्याने निदान झाकलं जातं. पोटरी कडक होऊन सुजणं किंवा अचानक दम लागणं म्हणजे रक्ताच्या गुठळीची शंका. तेव्हा थेट आपत्कालीन विभाग. चादरीचा स्पर्शही सहन न होणं, कातडीचा रंग आणि घाम बदलणं, पाऊलसुद्धा दुखणं, हे असेल तर वेदनातज्ज्ञ लवकर हवेत.

सांधा निखळेल किंवा झिजेल या भीतीसाठी आईंना एक आकडा सांगा. सांधेरोपणाच्या राष्ट्रीय नोंदवह्यांतली माहिती एकत्र करून २०१९ मध्ये आलेल्या विश्लेषणात, गुडघ्याची सुमारे ८२ टक्के संपूर्ण रोपणं २५ वर्षांनंतरही टिकलेली आढळली. व्यायामाने ते सैल होत नाही.

डाव्या गुडघ्याचा विषय आत्ता घरात बंद करा. उजवा पाय डाव्याचा भार पेलू लागेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने तरी, तो निर्णय घ्यायची गरज नाही. सर्जनना तसं सांगा, बहुतेक जण मान्य करतील. एक मात्र लक्षात ठेवा: डावा फार दुखत असेल तर उजवा मागे पडल्यासारखा वाटतो. तपासणीत हे वेगळं काढावं लागतं.


चालती_पावलं
जिन्याचं मी लिहिते. भीतीची शिडी करायची असते. आईंनाच विचारा, ० ते १० मध्ये कशाची किती भीती. मग खालून सुरुवात: दारात उभं राहून जिना बघणं, कठडा धरून पहिल्या पायरीवर चांगला पाय ठेवून पुन्हा खाली, एक पायरी चढून उतरणं, तीन पायऱ्या, मधल्या वळणापर्यंत, खालपर्यंत. प्रत्येक टप्प्यावर भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच, दिवसातून दोनदा, मगच पुढे. भीती ७ वर असताना ढकललं तर दुसऱ्या दिवशी त्या दाराशीही येणार नाहीत. आणि भीती वाढल्याबरोबर मागे फिरलं तर मेंदू पळणंच शिकतो. तिथेच उभं राहून चार-पाच सावकाश श्वास, भीती थोडी उतरली की परत.

घरात आधी सराव हवा. चार इंचांचा भक्कम लाकडी पाट भिंतीला टेकवून, समोर ओटा धरायला. त्यावर चढ-उतार ८ वेळा, दिवसातून दोनदा. ते सहज झालं की जिन्याची नेहमीची पायरी, सहा-सात इंच.

तंत्र: एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी. कठडा नसलेल्या ठिकाणी काठी डाव्या हातात, कारण ऑपरेशन उजव्या पायाचं आहे. चढताना चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी, मग चांगला. एका पायरीवर दोन्ही पाय आणूनच पुढची. सोबत करणारा चढताना एक पायरी खाली, उतरताना एक पायरी पुढे, म्हणजे खालच्या बाजूला. हात धरायचा नाही, कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर हात ठेवायचा. ओली चप्पल, लोंबता पदर, पायघोळ गाऊन नको, मागे पट्टा असलेलं पादत्राण हवं. जिन्यातला दिवा आजच बदला, मंद असेल तर.

मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवता आली तर शेजाऱ्यांना विचारून ठेवा. बसायला जागा आहे हे माहीत असलं की बरेचदा बसावं लागत नाही.


सोनटक्का
आज रिपोर्ट आला. सोडियम १२८, हिमोग्लोबिन ९.६. बाकी ठीक. फिजिशियनकडे संध्याकाळी जातोय. ट्रामाडोल उतरवायला आजच सुरुवात करू का?


वेदनाविराम
१२८ म्हणजे संध्याकाळची भेट चुकवू नका. आई गोंधळल्या, फार गुंगल्या, उलट्या झाल्या किंवा झटका आला तर तेवढंही थांबू नका, सरळ इस्पितळ. क्लोरथॅलिडोनची पट्टी आणि रक्तदाबाची वही सोबत न्या; ती गोळी बदलायची का, मीठ-पाण्याचं काय, हे तेच ठरवतील. सोडियम हळूहळूच वर आणायचं असतं, म्हणून घरी मिठाचं पाणी पाजू नका.

ट्रामाडोलला आज हात लावू नका. पण ते चालू आहे हे फिजिशियनना आवर्जून सांगा, कारण ट्रामाडोलनेही काही वेळा सोडियम उतरतं. ते कधी आणि किती वेगाने काढायचं ते आकडा बघून तेच सांगतील. हिमोग्लोबिनसाठी लोह सुरू होईल. ती गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि बद्धकोष्ठ वाढेल हे गृहीत धरून इसबगोल आजपासूनच.

व्यायाम मात्र बंद नको. तोल सावरेपर्यंत फक्त अंथरुणातले आणि खुर्चीतले, जिना नाही. सोडियम १३५ च्या जवळ आलं आणि आठवडाभर टिकलं, की मनोवेध यांनी सांगितलेले ते दोन प्रश्न पुन्हा विचारा आणि आज येणारे गुण शेजारी लिहून ठेवा.